कनौनाला बघण्यासारखं काही नाही

सप्टेंबर लागला की आमच्या गावाबाहेरच्या लाल मातीवर कागदी फुलं येतात. पांढरी, पिवळी, क्वचित गुलाबी. हातात घेतली तर कुरकुरतात. वासाचा पत्ता नाही. खुडून आणली तर सहा महिने फुलदाणीत तशीच उभी राहतात; कोमेजण्याची साधी रीतही त्यांना ठाऊक नाही. ही फुलं बघायला माणसं कुठून कुठून येतात. गाडीमागे कॅरॅव्हॅन, कॅरॅव्हॅनमागे सायकली, तोंडावर माश्यांसाठी जाळी, आणि पेट्रोल भरता भरता पहिला प्रश्न, इथे बघण्यासारखं काय काय आहे. मी दहा वर्षं कालगुर्लीत राहते. माझं उत्तर ठरलेलं आहे: काही नाही.

परवा नागपूरहून नवीन आलेलं एक जोडपं आमच्याकडे जेवायला होतं. तो खाणीत लागलाय, तिचं अजून काही जमायचंय. पुरणपोळी खाता खाता तिने तोच प्रश्न विचारला, आणि माझा नवरा निखिल माझ्याकडे न बघता ताटाकडे बघत हसला. मी ठरलेलं उत्तर दिलं. पण घासाबरोबर मला करोनाच्या पहिल्या वर्षाचा सप्टेंबर आठवला, आणि मग जेवण संपेपर्यंत माझं कशात लक्ष राहिलं नाही.

आमच्या गावचं पहिल्या नंबरचं प्रेक्षणीय स्थळ म्हणजे खड्डा. सोन्यासाठी खणलेला, एवढा मोठा की पलीकडच्या काठावरचे डंपर मुंग्यांएवढे दिसतात. काठावर लोखंडी कठडा आहे, माहितीचे फलक आहेत, आणि फोटोत उभं राहायला एका जुन्या लोडरचं बकेट ठेवलंय. लोक त्या बकेटात बसतात. शहाणीसुरती, नोकरीधंद्याची माणसं लोखंडी सुपात बसून दोन बोटं वर करतात. सुरुंगाची वेळ फलकावर लिहून लावतात आणि तेवढ्यासाठी गर्दी जमते. भोंगा वाजतो, मातीचा एक ढग उठतो, आणि सगळे समाधानाने आपापल्या गाडीकडे जातात. मी सर्व्हेअर आहे. काल खड्डा केवढा होता आणि आज केवढा झाला हे मोजण्याचा मला पगार मिळतो. त्या खड्ड्याकडे सुट्टीच्या दिवशी हौसेने बघणाऱ्या माणसाबद्दल मला काय वाटतं, ते मी पाहुण्यांसमोर बोलत नाही.

नंबर दोन, बागेतला किल्ला. कोणे एके काळी कुणीतरी हौसेने युरोपातल्या एका किल्ल्याची प्रतिकृती केली, भिंतींना इथले रंगीत दगड चिकटवले, आणि आता तो बागेत मोरांच्या शेजारी उभा आहे. आमच्या पुण्यात दिवाळीला सोसायटीतली पोरं ह्याहून बरे किल्ले करतात, आणि दिवाळी संपली की पाडून टाकण्याची अक्कलही त्यांना असते. नंबर तीन, भर रस्त्यात बसलेला सोनं शोधणाऱ्याचा पुतळा, त्याच्या हातातल्या पखालीतून पिण्याचं पाणी येतं. नंबर चार, गावाबाहेरचा पब, जिथे भिंतींवर छतापर्यंत लोकांनी आपापली नावं लिहून ठेवली आहेत. आमचा रुंद रस्ताही दाखवतात. का रुंद, तर उंटांच्या तांड्याला वळता यावं म्हणून. आता उंट नाहीत. रस्ता आहे, आणि तो ओलांडायला दुपारी उन्हात जन्म लागतो.

तर अशा ह्या गावाचं नाव माझे बाबा मी जन्मायच्या आधीपासून पोरांकडून घोकून घेत होते. बाबा भूगोलाचे मास्तर. तीस वर्षं दर सहामाहीला त्यांनी रिकाम्या जागा भरायला दिल्या, की ऑस्ट्रेलियात सोन्याच्या खाणी कुठे आणि कुठे आहेत, आणि तीस वर्षं पोरांनी कालगुर्ली व कूलगार्डी असं लिहून एक मार्क घेतला. काही पोरं तर दोन्ही नावं जोडून एकच गाव करायची. मला इथे नोकरी लागल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा बाबांनी गावाचं नाव मला दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, म्हणजे ते खरंच आहे तर.

आई गेल्यावर ते सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत होते. ये ये म्हणता म्हणता सहा वर्षांनी त्यांनी यायचं कबूल केलं, एप्रिलचं तिकीट काढलं, आणि मार्चात सगळं जग बंद झालं. आमच्या राज्याने तर सीमाच बंद केली. परदेशच काय, सिडनीचा माणूसही आत येऊ शकत नव्हता. बाबांनी ह्यावर फार त्रागा केला नाही. त्यांनी फक्त फोनवर मला एक यादी वाचून दाखवली. जाड पुठ्ठ्याच्या वहीत त्यांनी कालगुर्लीचे आणि आसपासचे चौदा पॉइंट काढून ठेवले होते, अंतरासकट.

पॉइंट हा शब्द आपल्या माणसांनी कुठून आणला कोण जाणे. थंड हवेच्या ठिकाणी एकच दरी सात बाजूंनी दाखवतात आणि प्रत्येक बाजूला वेगळं नाव देतात. आपण सातही बघतो. सातव्याला पाय दुखत असतात, पण सहा बघून परत गेलं तर शेजारच्यांनी विचारल्यावर काय सांगायचं. बाबा ह्या पंथाचे महंत. शाळेच्या सहली त्यांनी काढल्या, आणि निवृत्तीनंतर सोसायटीच्या. त्यांच्या सहलीत पॉइंट सुटत नसे आणि माणूस सुटत नसे. बस सुटायच्या आधी मोजणी व्हायची, तीही दोनदा. पुढून बाबा मोजत यायचे आणि मागून देसाईकाका. देसाईकाका म्हणजे खालच्या मजल्यावरचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, चष्म्याच्या वरून बघणारे. दोघांचा आकडा जुळला की काका बसच्या पत्र्यावर मागून दोनदा थाप मारायचे. नाही जुळला तर पुन्हा मोजायचं. माणूस कमी असताना गाडी सोडायची नाही, हा बाबांचा एकमेव नियम, आणि त्यापायी एकदा एक अख्खी बस पाऊण तास उन्हात उभी राहिली होती, कारण एक बाई उसाचा रस प्यायला गेल्या होत्या.

जुलैत बाबांनी जाहीर केलं, सोसायटीची सहल कालगुर्लीला जाईल. दर रविवारी एक पॉइंट, व्हिडिओ कॉलवर. त्यांचे सकाळचे नऊ, आमचे साडेअकरा. मार्गदर्शक, मी. मला कुणी विचारलं नाही. पुण्यात तेव्हा ही माणसं खाली पेपर आणायलाही उतरत नव्हती. दूध, भाजी, औषधं सगळं दारात ठेवून जात होते. तेवीस माणसं, बहुतेक सत्तरीची, मार्चपासून गॅलरीतून एकमेकांशी बोलत होती. अशा माणसांना खड्डा बघायचा असेल तर मी नाही कशी म्हणणार. पण मनातून मला ते सगळं हास्यास्पद वाटत होतं, आणि ते माझ्या आवाजात येत असणार.

पहिल्या रविवारी मी कठड्याशी उभी राहून फोन समोर धरला. छोट्या छोट्या खिडक्यांत ओळखीची डोकी. कुणाचं नुसतं कपाळ, कुणाचा पंखा. इनामदारकाकू सुती साडी नेसून, खांद्याला पर्स अडकवून बसल्या होत्या. सहल म्हणजे सहल. बाबांनी पुढून मोजायला सुरुवात केली, देसाईकाकांनी शेवटच्या खिडकीपासून. तेवीस. तेवीस. काकांनी आपल्या जेवणाच्या टेबलावर दोनदा थाप मारली आणि मग मला खड्डा दाखवायची परवानगी मिळाली.

मी दाखवला. खोली सांगितली, ट्रकचं टायर माणसापेक्षा उंच असतं तेही सांगितलं. मग इनामदारकाकूंनी विचारलं की पॉइंटवर बायकांसाठी सोय आहे का. आहे, म्हटलं. काकूंनी मान डोलावली. पुढे प्रत्येक पॉइंटला त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि होकार ऐकून त्यांना जे बरं वाटायचं ते खड्डा बघून वाटलं नव्हतं.

त्या वर्षी गावात आलेल्या गर्दीबद्दल काय बोलावं. ज्यांनी बालीची बुकिंगं केली होती ते सगळे, आमच्याच राज्यातले पर्थवाले, सीमा बंद म्हणून आमच्या अंगावर आले होते. आयुष्यात कधी पूर्वेकडे तोंड न केलेली माणसं कॅरॅव्हॅन घेऊन सोन्याच्या मुलखात देशप्रेमाने फिरत होती आणि कॉफी बरी नाही म्हणून कुरकुरत होती. आमच्या राज्यात तेव्हा ना मास्क, ना रांगा, पब भरलेले, मुलं शाळेत. पलीकडे माझ्या फोनमध्ये तेवीस माणसं दाराला साखळी लावून बसलेली, आणि माझ्या शेजारी उभा असलेला माणूस मला सांगत होता की हे वर्ष फारच टफ गेलं, मेट, स्नॉर्कलिंग झालंच नाही. त्याला मी नो वरीज म्हटलं. अजून त्या नो वरीजचा मला राग येतो.

रविवार जात राहिले. किल्ला बघून बाबा म्हणाले, ठीक आहे. पुतळ्याच्या पखालीतलं पाणी मला पिऊन दाखवावं लागलं, आणि त्यावर देसाईकाकांनी पाणी गोड आहे की मचूळ अशी विचारणा केली. पबातल्या भिंतींवर मात्र बाबा खवळले. गडावर नाव कोरलं म्हणून त्यांनी एकेकाळी एका पोराला अख्खा गड उतरून पुन्हा चढायला लावला होता. इथे तेच प्रेक्षणीय म्हणून दाखवतात म्हटल्यावर त्यांनी वहीत त्या पॉइंटपुढे खूण केली, पण अर्धीच. उत्तरेला एक मिठाचं तळं आहे, त्यात कुणी शिल्पकाराने लोखंडी माणसं उभी केली आहेत. तिथे नेटवर्क नसल्यामुळे तो पॉइंट रद्द झाला, आणि ही त्या तळ्याची मला माहीत असलेली एकमेव चांगली गोष्ट.

सप्टेंबरच्या सुरुवातीला कनौनाची पाळी आली. कनौना हे एकेकाळी भरभराटलेलं गाव. रेल्वे होती, चर्चं होती, हॉटेलं होती. सोनं संपलं तशी माणसं गेली, आणि जाताना घरंसुद्धा उचलून घेऊन गेली. पत्रे, फळ्या, विटा, सगळं. आता तिथे मोकळी जमीन आहे आणि ठिकठिकाणी फलक आहेत. इथे हॉटेल होतं. इथे पोस्ट होतं. जे नाही त्याचे फलक लावून ते बघायला लोकांना बोलावणं, ह्याला धाडस लागतं. मी इतकी वर्षं गावापासून वीसेक किलोमीटरवरचं ते कनौना कधी बघितलं नव्हतं, आणि बघायची इच्छाही नव्हती.

त्या आठवड्यात माझ्या बारा-बारा तासांच्या शिफ्ट झाल्या होत्या. रविवारी गाडी निखिल घेऊन गेला होता. ऊन तापलेलं, साडेअकरा होत आलेले. मी आमच्या घराच्या मागच्या दारातून बाहेर पडले. मागे गल्ली आहे, गल्लीपलीकडे एक रिकामा प्लॉट, लाल माती, चार झुडपं. तिथेही लाल माती, इथेही लाल माती. मी प्लॉटच्या मध्यावर उभी राहिले, फोन वर धरला आणि म्हणाले, हे कनौना.

तेवीस, तेवीस, थाप. मी हात करून दाखवलं, इथे हॉटेल होतं, तिथे पोस्ट, पलीकडे स्टेशन. माझा आवाज त्या दिवशी बरा लागला होता, खोटं बोलताना लागतो तसा. कुणीतरी च्‌च्‌ केलं. इनामदारकाकूंनी एवढी सगळी माणसं कुठे गेली असतील असं विचारलं, आणि सोयीचा प्रश्न त्या पहिल्यांदाच विसरल्या. देसाईकाका चष्म्याच्या वरून बघत होते. त्यांनी मला फोन जरा डावीकडे फिरवायला सांगितला. मी फिरवला. मग त्यांनी विचारलं, तो पिवळ्या झाकणाचा डबा कसला आहे.

आमचा कचऱ्याचा डबा, चाकांचा, गल्लीत उभा होता. पर्यटकांची सोय, मी म्हटलं. "सोय चांगली ठेवलीय," काका म्हणाले. सहल संपली. मी घरात येऊन पंख्याखाली आडवी झाले आणि मला वाईट वगैरे काही वाटलं नाही. उलट वीस किलोमीटर वाचल्याचं बरं वाटलं.

पुढच्या रविवारी बाबांनी पुढून मोजलं, बावीस, आणि मागून कुणी मोजलंच नाही. देसाईकाकांची खिडकी उघडली नव्हती. थांबू या, बाबा म्हणाले. सगळे थांबले. मी एका जुन्या पाण्याच्या टाकीपाशी ऊन खात उभी होते, माझ्या तोंडावर माश्या बसत होत्या, आणि वीस मिनिटं कुणी कॉल बंद केला नाही. मग इनामदारकाकू आत जाऊन फोन करून आल्या. काकांना आदल्या दिवशी दवाखान्यात नेलं होतं. ताप होता, आणि दम लागत होता. मुलगा बंगलोरला, सोबत कुणाला जाता आलं नव्हतं. बाबा म्हणाले, मग आज सहल नाही. माणूस आला की निघू.

तो महिना पुण्याला फार वाईट गेला. इकडे कागदी फुलं ऐन भरात होती, रस्त्याच्या दोन्ही कडांना चादरी अंथरल्यासारखी, आणि कामावर जाताना त्यांच्याकडे बघून माझं टाळकं फिरायचं. नऊ दिवसांनी देसाईकाका गेले. गेल्यावर त्यांना कुणी बघितलं नाही. खालच्या मजल्यावरच्या माणसाला बाबांनी गॅलरीतून शेवटचं बघितलं ते अँब्युलन्समध्ये बसताना. काकांनी वर बघून हात केला होता; बाबा म्हणत होते, सुपारीचा डबा घरी राहिला हे सांगायला.

त्यानंतर सहल झाली नाही. मी दोनदा विचारलं, बाबांनी दोनदा विषय बदलला. मग ते फोन उचलेनासे झाले. आधी मला वाटलं झोपले असतील. एका संध्याकाळी इनामदारकाकूंचा फोन आला. त्या मला लहानपणापासून ओळखतात, तरी त्यांना सांगायला वेळ लागला. बाबांच्या दाराशी ठेवलेला जेवणाचा डबा संध्याकाळी तसाच असतो. बेल वाजवली तर आतून बरा आहे म्हणतात, दार उघडत नाहीत. "तू काहीतरी कर," काकू म्हणाल्या. "आम्हाला कुणाला त्यांच्या घरात जाता येत नाही, आणि तुला तर गावातच येता येत नाही."

मी काय करणार होते. विमानं नव्हती, सीमा बंद होती, आणि बाहेर पडलं तर परत आत घेतील की नाही ह्याची खात्री नव्हती. निखिल म्हणाला, रोज फोन कर, उचलेपर्यंत कर. चौथ्या दिवशी बाबांनी उचलला. आवाज खरखरीत, खूप दिवस न बोललेल्या माणसाचा. मी भडाभडा बोलत सुटले. डबा का खात नाही, दार का उघडत नाही, आणि निदान रविवारची सहल तरी चालू करा, अजून सात पॉइंट राहिलेत.

बाबा म्हणाले, मागून मोजायला कोण आहे.

मग, काही विशेष न सांगितल्यासारखं, म्हणाले, "देसाईंनी ओळखलं होतं गं. कनौनाच्या दिवशी. कॉल संपल्यावर मला फोन केला. म्हणाले, पोरगी दमलीय, घरामागेच उभी आहे. कुणाला बोलू नका. आपलं काय, आपली सहल झाली."

ती काकांची शेवटची सहल होती, आणि मी त्यांना माझ्या घरामागचा कचऱ्याचा डबा दाखवला होता. मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. ज्या खड्ड्यांना, किल्ल्यांना, पखालींना मी नाक मुरडत होते ते निदान जिथे आहेत म्हणून सांगितलं तिथे होते.

त्या आठवड्यात मी इनामदारकाकूंना फोन करून सांगितलं की रविवारी नऊला सगळ्यांना बसवा. बाबांना मी नाही बोलावणार, तुम्ही बोलवा. काय सांगायचं तेही सांगितलं.

रविवारी मी आणि निखिल कनौनाला गेलो. खऱ्या. डांबरी रस्ता संपून कच्चा लागला, मागे लाल धूळ. पोचल्यावर गाडीतून उतरून मी आजूबाजूला बघितलं, आणि खोटं कशाला सांगू, तिथे खरोखरच काही नव्हतं. फलक, झुडपं, बूट रुतवणारी माती. माझा प्लॉट आणि हे कनौना शेजारी शेजारी ठेवलं तर मलाही ओळखता आलं नसतं. फक्त एके ठिकाणी रेल्वेचा जुना फलाट उरलाय. रूळ नाहीत, स्टेशन नाही, नुसता मातीचा कट्टा. आणि त्या कट्ट्यावर आणि खाली सगळीकडे ती कागदी फुलं. निखिलने गाडी फलाटाला लावून उभी केली, जणू तिथून सुटणारच होती, आणि माझा फोन नीट धरता यावा म्हणून मला टोपी दिली.

साडेअकराला खिडक्या उघडल्या. एकवीस डोकी. इनामदारकाकू खांद्याला पर्स अडकवून. काकूंनी सगळ्यांसमोर दुसऱ्या फोनवरून बाबांना फोन लावला आणि मी सांगितलं होतं तेच सांगितलं, की मंडळी गाडीत बसली आहेत, एक माणूस कमी आहे, तुम्ही आल्याशिवाय गाडी सुटत नाही. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. काकूंनी फोन ठेवला. आम्ही थांबलो. माश्या आल्या. निखिल कट्ट्यावर बसून राहिला.

आमच्या घड्याळात बारा वाजून गेले तेव्हा बाबांची खिडकी उघडली. दाढी वाढलेली, बनियनवर शर्ट घाईने घातलेला, एक गुंडी वरखाली. इतक्या दिवसांनी त्यांना बघितलं आणि मला रडू आलं, ते मी डोळ्यात माशी गेल्याचं निमित्त करून पुसलं. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, आणि शेवटच्या खिडकीच्या जागी बघत राहिले.

"बाबा," मी म्हटलं, "पुढून तुम्ही मोजा. मागून मी मोजते."

ते हलले नाहीत. मग त्यांनी बोट वर केलं आणि ओठ हलायला लागले. मीही शेवटून सुरू केलं.

"बावीस," बाबा म्हणाले.

"तेवीस," मी म्हटलं.

खिडक्यांतल्या माणसांनी माना खाली घातल्या. मी काकांना धरून मोजलं असं सगळ्यांना वाटलं, आणि बाबांनाही. "नीट मोज," ते म्हणाले. तो मास्तरांचा आवाज होता, आकडा चुकवणाऱ्या पोराला लावतात तो, आणि तो ऐकून माझ्या जिवात जीव आला. पुन्हा मोजलं. बावीस. तेवीस.

"तू कुणाला जास्त धरतेस?"

"मला. मला तुम्ही एकदाही मोजलं नाहीत."

"तू कशी सहलीत? तू तिथलीच आहेस."

"मी इथली नाही, बाबा. सहा वर्षांत कनौनाला आज पहिल्यांदा आलेय. त्या दिवशी आले नव्हते. मीही बघायलाच आलेय."

बाबा चष्मा काढून पुसत बसले. कुणी घाई केली नाही. मग त्यांनी तो चढवला आणि पहिल्यापासून बोट फिरवायला घेतलं, एकेका खिडकीवर थांबत, आणि सगळ्यात शेवटी माझ्यावर आणून टेकवलं. "तेवीस," ते म्हणाले. "आता मागून थाप कोण मारणार?"

मी गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली. टप तापला होता, हात चांगलाच भाजला.

मग मी त्यांना कनौना दाखवलं. इथे हॉटेल होतं, इथे पोस्ट होतं, फलक वाचून दाखवले, सगळे, एकही न गाळता. हा फलाट. ही फुलं. इनामदारकाकूंनी सोयीचं विचारलं आणि मी खरं सांगितलं, की काही सोय नाही. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला की दारातला डबा रिकामा आहे. उरलेले पॉइंट आम्ही डिसेंबरपर्यंत संपवले. त्यातला एकही धड नव्हता.

सीमा उघडली त्या वर्षी बाबा खरोखरच आले. मी त्यांना आधी खड्ड्यावर नेणार होते, पण घरात बॅग ठेवल्या ठेवल्या त्यांनी मागचं दार कुठे आहे ते विचारलं. गल्लीत जाऊन ते पिवळ्या झाकणाच्या डब्याशेजारी उभे राहिले, शर्ट खाली ओढून नीट केला, आणि मला फोटो काढायला सांगितला. तो त्यांनी तिथूनच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खड्डा त्यांनी दुसऱ्या दिवशी बघितला. दोन मिनिटं कठड्याशी उभे राहिले आणि म्हणाले, शिकवताना मोठा वाटायचा, आणि मग चहा कुठे मिळतो ते विचारलं. कनौनाला गाडीतून उतरले, फलाटावरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि म्हणाले, खरंच गं, काही नाही. पुठ्ठ्याच्या वहीत चौदा पॉइंटांखाली त्यांच्या मास्तरी अक्षरात आणखी एक लिहिलेला आहे. त्यापुढची खूण पूर्ण आहे.

परवा जेवणं झाल्यावर नागपूरच्या त्या मुलीने पुन्हा विचारलं, की निदान एखादी तरी जागा असेलच ना, ताई, विकेंडला जाण्यासारखी. निखिलने भांडी विसळायला घेतली. मी त्या दोघांना मागच्या दाराने बाहेर नेलं. गल्लीपलीकडच्या प्लॉटवर आता कुणीतरी शेड बांधली आहे. डबा तोच आहे, झाकणाला एक चीर गेलीय. मी तो दाखवला. ती बिचारी काही वेळ बघत राहिली, आणि मग अदबीने म्हणाली, हा कुठला पॉइंट?

"पंधरावा," मी म्हटलं, आणि फोटोसाठी त्या दोघांना जरा जवळ उभं राहायला सांगितलं.